पडण्याचं कारण

बर्लिनच्या लांकविट्झ भागातल्या दफनभूमीत ग्लायडर बांधून उडणाऱ्या ओटो लिलिएंटालची कबर आहे. बळी द्यावेच लागतात, अशा अर्थाचं एक वाक्य तिच्यावर कोरलेलं आहे. १० ऑगस्ट १८९६ रोजी प्राण सोडण्यापूर्वी तो असं म्हणाला, असं सांगतात. त्याला भक्कम आधार नाही. पण तो खरोखर तसं म्हणाला असता, तरीही ते वाक्य मला खटकलंच असतं. वैमानिक बळी गेला असं एकदा म्हटलं की पुढचं विचारणंच थांबतं. तो मोठा होतो, पूजनीय होतो, आणि नेमका कसा पडला हे विचारणं अप्रशस्त वाटू लागतं. त्याच्यासारखंच पंख बांधून टेकडीवरून झेप घेणाऱ्यांना हे परवडणारं नाही, आणि त्यांनी ते मान्यही करू नये. बरोबरीच्या माणसाचं स्मरण करायचं तर त्याच्या पडण्याचं कारण शोधावं आणि ते सापडेपर्यंत त्याचा पिच्छा सोडू नये. मला तरी याहून मोठी श्रद्धांजली दिसत नाही.

आधी लिलिएंटाल कसा उडत असे ते पाहू. विलो झाडाच्या काठ्या, त्यांवर ताणलेलं सुती कापड, मधोमध माणसापुरती मोकळी जागा. त्या जागेत उभं राहून तो दोन्ही हात कोपरापर्यंत चौकटीत अडकवी आणि वाऱ्याच्या तोंडावर उतारावरून धावत सुटे. पाय सुटले की छातीखालचं सगळं अंग हवेत लोंबकळत असे, आणि तेवढंच त्याचं सुकाणू. डावीकडे कलायचं तर पाय डावीकडे टाकायचे, नाक वर जाऊ लागलं तर पाय पुढे झोकायचे. कामशेतच्या डोंगरावरून पॅराग्लायडर घेऊन निघालेला माणूस वळताना हार्नेसमध्ये अंग एका बाजूला टाकतो, तेव्हा तो याच जुन्या रीतीच्या वळणावर असतो. या रीतीने लिलिएंटालने सुमारे दोन हजार झेपा घेतल्या आणि अडीचशे मीटरपर्यंत मजल मारली. बर्लिनजवळ लिष्टरफेल्डे इथे त्याने १८९४ मध्ये पंधरा मीटर उंचीची शंकूसारखी टेकडी स्वतःसाठी रचून घेतली होती. वारा कुठल्याही दिशेने आला तरी समोर उतार मिळावा म्हणून. शेवटची झेप मात्र श्टोल्न गावच्या गोलेनबर्गवरची, ९ ऑगस्टची. उन्हाने तापलेल्या हवेचा लोट खालून आला, ग्लायडरचं नाक उचललं गेलं, पुढचा वेग सरला. वेग सरला की पंख उचल धरत नाही. ग्लायडरवाले याला स्टॉल म्हणतात. नाक खाली आणायला त्याच्याजवळ स्वतःच्या अर्ध्या अंगाचं वजन होतं आणि ते पुरलं नाही. पंधराएक मीटरवरून तो कोसळला, मणका मोडला, आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्याने प्राण सोडला.

कुणी म्हणेल, ही शवचिकित्सा झाली, यात स्मरण कुठे आहे? जिवाभावाचा माणूस गेल्यावर काठ्या आणि कोन मोजत बसणं कोरडेपणाचं नाही का? प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर मला अटलांटिक महासागराच्या काठी, नॉर्थ कॅरोलायनाच्या वाळूत सापडतं. विल्बर आणि ऑर्व्हिल राइट यांची लिलिएंटालशी कधी भेट झाली नव्हती. त्याच्या मृत्यूच्या बातमीने त्यांचं जुनं कुतूहल जागं केलं, आणि ३० मे १८९९ रोजी विल्बरने स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणावरचं साहित्य मागवलं. लिलिएंटालच्या दोन हजार झेपांचा हिशेब करून तो सांगे, की पाच वर्षांत या माणसाला हवेत घालवायला मिळाले जेमतेम पाच तास. कोरडा माणूस असा हिशेब करत नाही. दुसऱ्याच्या वाट्याला किती थोडं आलं हे ज्याला सलतं, तोच ते मोजतो. अंग झोकून तोल सावरणं पुरेसं नाही, हे भावांनी त्या पडण्यातून उचललं. त्यांनी पंखांची टोकं पिळण्याची सोय केली आणि नाक वर-खाली करणारं सुकाणू पंखांच्या पुढे बसवलं. १९०१ च्या उन्हाळ्यात विल्बरचं ग्लायडर एका झेपेत वर वर चढत गेलं आणि पुढचा वेग संपून हवेत थबकलं. हीच ती लिलिएंटालला सोडवता न आलेली अवस्था, हे विल्बरने पुढे शिकागोच्या व्याख्यानात उघड सांगितलं. त्याने पुढचं सुकाणू पूर्ण फिरवलं आणि ग्लायडर जवळजवळ आडवंच हळूहळू वाळूवर येऊन टेकलं. लिलिएंटालची आठवण त्या क्षणी विल्बरच्या हातात होती. तिला कोरडी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

याहून अवघड आक्षेप पर्सी पिल्चरचा आहे. हा इंग्रज तरुण लिलिएंटालला प्रत्यक्ष भेटला, त्याच्या उतारांवरून उडाला, त्याच्याकडून एक ग्लायडरही विकत घेतलं. त्याच्याइतकं लिलिएंटालला जवळून ओळखणारे उडणारे थोडेच. तरीही ३० सप्टेंबर १८९९ रोजी इंग्लंडमधल्या स्टॅनफर्ड हॉलला पावसाळी हवेत त्याच्या ‘हॉक’ ग्लायडरची शेपूट मोडली, आणि दोन दिवसांनी तोही गेला. मग आठवणीने वाचवलं कुणाला? एकाच्या पडण्याचं कारण दुसऱ्याच्या पडण्यावर चालत नाही, एवढं मान्य करायलाच हवं. पिल्चरला स्टॉलने मारलं नाही, मोडलेल्या दांड्याने मारलं. पण म्हणून शोध व्यर्थ ठरत नाही. पिल्चरचा शोध वेगळा घ्यावा लागतो, इतकंच. प्रत्येक मेलेल्याला त्याचं त्याचं कारण मिळालं पाहिजे. सगळ्यांना ‘हुतात्मा’ या एकाच पंगतीत बसवून हात धुणं हा त्यांच्यावर अन्यायच.

आणि निष्ठेचं काय? ओटोचा धाकटा भाऊ गुस्टाव्ह थोरल्याच्या स्वप्नाला जन्मभर जागला. पक्ष्यासारखे पंख हलवून उडणारं यंत्र बनवण्यासाठी तो १९३३ मध्ये मरेपर्यंत झटत राहिला. तोवर बिनहलत्या पंखांची विमानं खंड ओलांडत होती. ही निष्ठा पाहून मन भरून येतं, आणि तिला नावं ठेवणं मला जमणार नाही. तरी ओटोला आज कुणी जास्त जिवंत ठेवलं असं विचाराल, तर ज्यांनी त्याच्यावर शंका घेतली त्यांची नावं मी सांगेन. १९०१ च्या ग्लायडरला हिशेबाइतकी उचल मिळेना, तेव्हा राइट बंधूंचा संशय लिलिएंटालने मोजमापांतून बनवलेल्या, पंखाच्या उचलीच्या कोष्टकावरच गेला. पूज्य माणसाचे आकडे तपासायचे कसे, म्हणून ते थांबले नाहीत. त्याच शरद ऋतूत त्यांनी डेटनमध्ये लाकडी वातबोगदा बनवला आणि त्यात लहान लहान पंख टांगून मोजमाप केलं. दोष निघाला तो मुख्यतः हवेच्या दाबाच्या जुन्या गुणकात. शतकाहून अधिक काळ वापरात असलेला तो आकडा बराच मोठा होता. लिलिएंटालचं कोष्टक, त्याने मोजलेल्या पंखापुरतं, जवळजवळ बरोबर ठरलं. भक्तीने त्याला हे प्रमाणपत्र कधीच देता आलं नसतं. आणि ज्याने संशय घेतला होता त्याच विल्बरने पुढे त्याच्यावर एक लेख लिहिला, एकोणिसाव्या शतकात उड्डाणाचा प्रश्न हाती घेणाऱ्यांत लिलिएंटालला नि:शंकपणे पहिला मान देणारा. त्यात त्याच्या चुका झाकलेल्या नाहीत. तो छापून आला सप्टेंबर १९१२ मध्ये. विल्बर मे महिन्यातच विषमज्वराने गेला होता.