असिसीतील अखेरची सांज

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने रोमला परतायचे होते. असिसीतील आमची ती अखेरची सांज. चारच दिवसांत या गावाने आम्हांला आपलेसे केले होते. सुबासिओ डोंगराच्या उतारावरची गुलाबी-पांढऱ्या दगडांची घरे, अरुंद चढणी, संत क्लारेचे मंदिर आणि संत फ्रान्सिस असिसीकरांच्या समाधीपाशी दाटून राहिलेली शांतता! १९९७ च्या भूकंपात याच महामंदिराचे छत कोसळले व चार जणांचे प्राण गेले, हे त्या शांततेत खरे वाटत नव्हते.

निरोपासाठी पुन्हा समाधीपाशी जावे, असा आम्हा भावंडांचा बेत होता. आई मात्र म्हणाली, "मला खालच्या वाटेवर न्या. जिथे त्यांची खाट थांबली होती, तिथे."

१२२६ मध्ये मृत्यू समीप आला तेव्हा फ्रान्सिसना असिसीतून खाली पोर्सिउंकुलाच्या इवल्याशा मंदिराकडे नेण्यात आले. वाटेत कुष्ठरुग्णांच्या आश्रयस्थानाजवळ त्यांनी खाट खाली ठेवायला लावली. दृष्टी जवळजवळ गेलेली होती, तरी त्यांनी तोंड आपल्या गावाकडे करवून घेतले व त्याला आशीर्वाद दिला. गावाशी त्यांचा तो अखेरचा निरोप. ३ ऑक्टोबरच्या सायंकाळी, उघड्या भूमीवर, त्यांनी देह ठेवला. त्या मृत्यूला २०२६ साली आठशे वर्षे होतात.

आईला तीच जागा का हवी होती, हे आम्ही जाणून होतो. वर्धा जिल्ह्यातील एका दवाखान्यात तिने आयुष्यभर कुष्ठरुग्णांच्या जखमा धुतल्या. आमचा जिल्हा या सेवेचा जुना साक्षीदार. १९३६ साली मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठधाम उभारले. सेवाग्रामात गांधीजींनी परचुरे शास्त्रींना आश्रमात ठेवून घेतले व स्वहस्ते त्यांची शुश्रूषा केली. शाळेत हे सारे आम्ही अभिमानाने सांगत असू. घरी मात्र आई कामावरून आली की तिचा हात पाठीवर पडण्यापूर्वीच आम्ही बाजूला सरकत असू. ती कुठे काम करते असे कोणी विचारले, तर नुसते "सरकारी दवाखान्यात" म्हणून मोकळे होत असू.

वाटेच्या कडेला आम्ही बसलो. वर डोंगरउतारावर असिसी मावळत्या उन्हात उजळून निघाली होती. इतकी वर्षे घशात अडकलेले शब्द अखेर बाहेर पडले : "आई, लहानपणी आम्ही तुझा हात टाळत होतो."

"ठाऊक होते मला," ती शांतपणे म्हणाली. "म्हणून तर आल्या आल्या आधी आंघोळ करायची. रोग लागेल म्हणून नव्हे रे. तुम्ही जवळ यावे म्हणून."

आम्हांला मान वर करवेना. थोड्या वेळाने तीच पुढे बोलू लागली, "पहिले सहा महिने मलाही जेवण जात नव्हते. एकदा एका आजीबाईंचा हात हातात घेतला होता. त्यांना स्पर्श कळत नसे. त्यांची नजर खाली गेली, माझा हात दिसला आणि त्या हसल्या. म्हणाल्या, 'बाई, दिसलं बरं का.' त्या दिवसापासून माझी किळस गेली."

फ्रान्सिसनी मृत्युपत्रात आपल्या जीवनपालटाची कथा कुष्ठरुग्णांपासूनच सुरू केली आहे. त्यांचे नुसते दर्शनही कडू वाटत असे. पण प्रभूनेच त्यांच्यात नेले आणि कडू होते ते गोड झाले, असा त्यांचा अनुभव. तो आम्ही पुस्तकात वाचला होता. आमच्याच घरात, साबणाचा वास येणाऱ्या हातांनी, तो रोज आम्हांला जेवू घालत होता, हे कळायला मात्र असिसीपर्यंत यावे लागले. ज्यांना स्पर्श कळत नव्हता, त्यांनी तो ओळखला. ज्यांना कळत होता, ते आम्ही दूर सरकलो.

वरून सायंप्रार्थनेची घंटा ऐकू आली. आईने क्रुसाची खूण केली, गावाकडे एकवार पाहिले आणि ती उठली. बसमधून उतरल्यावर मुक्कामाच्या चढणीवर आम्ही दोन्ही बाजूंनी तिचे हात हाती घेतले. तिला आधार हवा होता म्हणून नव्हे.