अहवाल शंभर टक्के

केंद्राच्या वायरिंगबद्दल जे दिसलं ते लिहिलं, म्हणून मला कारणे दाखवा नोटीस आली. हे अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

मी आरोग्य सहाय्यिका. राहते कासारसाईत, नोकरी याच भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या पालांवर जाऊन पोरांना लसी द्यायच्या, गरोदर बायांची नोंद घ्यायची, ते सगळं आलंच.

९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांचा कक्ष पेटला, १० बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरला कोविडचा अतिदक्षता विभाग जळाला, ११ रुग्ण दगावले. काही दिवसांतच अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. तेव्हापासून आमच्यातली प्रत्येक जण सही करताना घाबरते.

पुढे एका दुपारी सुरक्षेची नवी तपासणीसूची ग्रुपवर आली. पूर्तता अहवाल संध्याकाळी पाचपर्यंत. डॉक्टर मीटिंगला, त्यामुळे काम माझ्याकडे. सूची घेऊन खोलीखोलीत फिरले. अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्यात होता. लसी ठेवायचा फ्रिज, म्हणजे आयएलआर, मात्र एक्स्टेन्शन बोर्डावर, आणि त्याच बोर्डावर ऑटोक्लेव्ह. प्लग हाताला चटका बसेल इतका तापलेला, पिना काळ्या पडलेल्या. प्रसूतिगृहात बटणांच्या बोर्डामागे भिंतीला ओल. ‘विद्युत यंत्रणा सुरक्षित आहे काय?’ यापुढे मी ‘नाही’ लिहिलं, फोटो जोडले.

साडेचारला वरच्या कार्यालयातून फोन आला. “मॅडम, तेवढं होय करा. तालुक्यात आपलंच केंद्र लाल दिसतंय.”

“सर, येऊन प्लगला हात लावून बघा.”

“दुरुस्तीचं नंतर बघू. आधी अहवाल शंभर टक्के होऊ द्या.”

मी बदललं नाही. मग नोटीस आली: चुकीची माहिती देऊन कार्यालयाची प्रतिमा मलिन केली, खुलासा करावा. चुकीची कशी? फोटो कुणी उघडून पाहिले होते का? केंद्राकडे फिरकलं होतं का कुणी? आणि त्या ‘होय’खाली सही माझीच असती. उद्या भडका उडाला असता, तर फोनवरचं ते बोलणं कुठल्या कागदावर सापडलं असतं?

२००६ च्या राज्याच्या आग प्रतिबंधक कायद्यानं आग विझवायच्या यंत्रणेचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. चांगलंच आहे. पण आग जिथून लागणार त्या प्लगसाठी पैसे कुठल्या लेखाशीर्षातून काढायचे, हे परिपत्रकात कुणी लिहीत नाही. आमच्याकडे अग्निशमन दलाचा बंब हिंजवडीची गर्दी फोडत येणार, तोवर काय राहील?

परिपत्रकं बंद करा, असं मी तेव्हा रागानं सगळ्यांना म्हणत होते. आज म्हणणार नाही. ती सूची आली नसती तर आयएलआरच्या मागे कुणी वाकूनही पाहिलं नसतं. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून त्याला स्वतंत्र पॉइंट मिळाला, तोही त्या फोटोंमुळेच. नोटीस मागे घेतल्याचं पत्र मात्र आलेलं नाही.

नव्या पोरींना मी सांगते, नुसतं ग्रुपवर टाकून थांबू नका. जावक क्रमांक घालून कागद पाठवा, पोच घ्या, फाइलला लावा. प्रसूतिगृहाच्या बोर्डाचा प्रस्ताव मी तसाच पुन्हा पाठवलाय. अंदाजपत्रक कुणी करायचं, यावर तो अडलाय.