आजीच्या नावाचा पुरावा

1681 साली अमेरिकेतल्या मेरीलँड वसाहतीत एलेनॉर बटलर नावाच्या मुलीचं लग्न झालं. लोक तिला आयरिश नेल म्हणत. वसाहतीचे मालक लॉर्ड बाल्टिमोर यांच्या चाकरीत ती होती, आणि जो नवरा तिनं निवडला तो चार्ल्स काळा होता, गुलाम होता. बाल्टिमोर यांनी तिला बजावलं, की याच्याशी लग्न केलंस तर तुझी मुलंबाळं गुलाम होतील. नेल बधली नाही. तिनं चार्ल्सशीच लग्न केलं. पुढे धन्यानं सांगितलं तसंच झालं. तिची मुलं, नातवंडं, पतवंडं गुलाम म्हणून मोजली गेली, गुराढोरांसारखी वारसांत वाटली गेली.

ऐंशीहून अधिक वर्षांनी तिच्या वंशातल्या विल्यम आणि मेरी बटलर या नवराबायकोनं कोर्टात दावा लावला. आमची मूळ आई स्वतंत्र बाई होती, तेव्हा आम्हीही स्वतंत्र आहोत, एवढंच त्यांचं म्हणणं. नेलला पाहिलेलं किंवा तिच्याविषयी घरात ऐकलेलं ज्यांना आठवत होतं, त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या जबान्या झाल्या. 1770 मध्ये खालच्या कोर्टात दोघं जिंकले. पुढच्याच वर्षी वरच्या कोर्टानं निकाल फिरवला. मग त्यांच्या मुलीनं, तिचंही नाव मेरी, तीच लढाई पुन्हा लढली आणि 1787 मध्ये ती स्वतंत्र ठरली. पूर्वजेनं आपल्या मर्जीनं केलेल्या लग्नाचा हिशोब शंभर वर्षांनी एका बाईनंच पुरा केला.

मूल आईच्या वळणावर का जातं, हे त्या काळच्या कायद्यात पाहिलं की मन विषण्ण होतं. इंग्लंडात मूल बापाच्या पायरीवर मोजलं जाई. याच आधारावर व्हर्जिनियात एलिझाबेथ की या बाईनं 1655 मध्ये दावा लावला. तिचा बाप इंग्रज होता, आई आफ्रिकी गुलाम. बाप स्वतंत्र आणि आपण बाप्तिस्मा घेतलेली ख्रिस्ती, तर आपण गुलाम कशा, असा तिचा सवाल होता. 1656 मध्ये ती सुटली. मळेवाल्यांनी धडा घेतला. सहाच वर्षांनी, 1662 मध्ये, व्हर्जिनियाच्या विधिमंडळानं कायदा केला, की मूल स्वतंत्र की गुलाम हे त्याच्या आईवरून ठरेल. आता मालकानं गुलाम बाईवर हात टाकला तरी त्याच्या पोरांची जबाबदारी त्याच्यावर येत नव्हती. उलट त्याची मालमत्ता वाढत होती. आईचा मान राखायला हा नियम कोणी केला नव्हता. तिच्या कुशीवर मालकी सांगायला केला होता.

आणि त्याच नियमाला धरून माणसं सुटली, हे मला फार मोठं वाटतं. आई गुलाम म्हणून मी गुलाम, असं कायदा म्हणत असेल, तर आईची आई, तिचीही आई स्वतंत्र होती हे मी दाखवून देईन. मग हाच कायदा मला मोकळं करील. कोणी गोऱ्या पूर्वजेचं नाव घेऊन आलं, कोणी मूळ अमेरिकी पूर्वजेचं. लिहावाचायची संधी नसलेल्या घरांनी चारचार पिढ्या एका बाईचं नाव जपून ठेवलं, कारण त्या नावात सुटका होती.

हे सातासमुद्रापारचं म्हणून बाजूला ठेवता येत नाही. पेशवाईतही बटकी आणि कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, होत्या. सरकारी कोठ्यांत, पागांत, वाड्यांत त्या राबत. व्यभिचाराचा ठपका आलेल्या बायकांना सरकार गुलाम करी, आणि त्यांच्या खरेदीविक्रीच्या, किमतीच्या नोंदी पेशवे दफ्तरात आहेत. कुणबिणीच्या पोटी आलेलं मूल धन्याच्याच घरी राबायला राही. म्हणजे आईवरून गुलामी आम्हालाही ठाऊक होती. 1843 च्या पाचव्या कायद्यानं कंपनी सरकारच्या कोर्टांनी माणसावरची मालकी मानायचं बंद केलं. त्यानंतर तीस वर्षांनी जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकी लोकांना ती अर्पण केली. गुलामी आणि जात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एक म्हणून मांडणं दोन्हीकडच्या भोगलेल्या माणसांवर अन्याय होईल. तरी तिकडची लढाई आपलीही आहे हे जोतीरावांनी 1873 मध्ये ओळखलं होतं.

आज आपल्याकडे प्रश्न उलटा उभा आहे. आईवरून हक्क सांगायचा तर कागद बापाचा मागतात.

मी मोहालीच्या सेक्टर 67 मध्ये राहते, चंदीगडला लागून. आमच्याच गल्लीत अमरावतीकडची एक नर्स मुलीला घेऊन राहते. परमुलखात मराठी ऐकू आलं की दार उघडतंच, तशी आमची ओळख झाली. नवरा दुसऱ्या जातीचा, मुलगी रांगत असतानाच सोडून गेलेला. मुलगी आईजवळ, आजीजवळ वाढली. आता तिला कॉलेजप्रवेशासाठी जातीचा दाखला हवा आहे. आई नोकरीसाठी पंजाबात आली तरी दाखला मूळ राज्यातूनच काढावा लागतो. एका संध्याकाळी तिनं प्लास्टिकची फाईल माझ्यासमोर उघडली. तिचा स्वतःचा दाखला, तिची जात वैधता, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांच्या शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, वंशावळीचं शपथपत्र. तिच्या घराण्याची जात सिद्ध करणारं सगळं होतं. तरी तिकडच्या एका कार्यालयातून निरोप आला होता, की वडिलांकडचा पुरावा जोडा.

फाईलच्या तळाशी कोतवाल बुकाची एक नक्कल होती, मुलीच्या आजीच्या जन्माची. खेड्यातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदीची ही नक्कल विदर्भात जात पडताळणीसाठी मोलाची धरतात. मी ती उजेडात धरून वाचली. बापाचं नाव होतं, जात होती, गाव होतं. पुढच्या रकान्यात कोतवालानं फक्त 'मुलगी' असं लिहिलं होतं. आजीचं नाव नव्हतंच. आजीला जन्म देणाऱ्या बाईचंही नव्हतं. ही आजी सांगते, की 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धम्मदीक्षेच्या सोहळ्यात आईनं तिला खांद्यावर घेतलं होतं, गर्दीत पांढऱ्या लुगड्यांशिवाय काही दिसत नव्हतं, आणि परतताना आई वाटभर बोलली नाही. तिला आईचं नाव ठाऊक आहे, माहेरचं गाव ठाऊक आहे, कुणाच्या शेतावर कुणी राबायचं आणि पाणी कुठून भरायचं नाही हे ठाऊक आहे. त्या घराची जात कोणती हे याहून नेमकं कोणता उतारा सांगेल?

पण आठवण हा पुरावा धरायचा का, हा प्रश्नही जुना आहे. वॉशिंग्टनमध्ये मिमा क्वीन या गुलाम बाईनं स्वतःच्या आणि लेकीच्या सुटकेसाठी दावा लावला होता. आपली पूर्वज मेरी क्वीन स्वतंत्र होती, असं तिचं म्हणणं. साक्षीदार होते, पण त्यांनी सांगितलेलं बरंचसं त्यांनी थोरांकडून ऐकलेलं होतं. 1813 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्या निकालानं ठरवलं, की ऐकीव गोष्ट पुरावा नव्हे. जमिनीची हद्द ठरवताना किंवा घराण्याची वंशावळ सांगताना अशी साक्ष चालायची, स्वातंत्र्याच्या दाव्यात मात्र चालली नाही. एकट्या न्यायमूर्ती गॅब्रिएल डुव्हॉल यांनी वेगळं मत लिहिलं. ऐकीव साक्ष नाकारली तर असे सगळे दावे मुळापासून उखडले जातील, आणि स्वातंत्र्याचा हक्क मालमत्तेच्या हक्काहून मोठा आहे, असा त्यांचा आशय होता. मिमा हरली. तिच्यानंतर आलेल्या कितीतरी घरांची वाट त्या निकालानं बंद केली.

बापाच्या नावाचा आग्रह माणसाचं काय करतो, हे आपल्या साहित्यातही लिहून ठेवलेलं आहे. तमाशात नाचणाऱ्या कोल्हाटी बाईच्या मुलाला शाळेत बापाचं नाव विचारलं जातं आणि त्याच्याकडे ते नसतं. किशोर शांताबाई काळे यांनी आईचं नाव आपल्या नावात घातलं, डॉक्टर झाले आणि 1994 मध्ये 'कोल्हाट्याचं पोर' लिहिलं. ते फार लवकर गेले, 2007 मध्ये. पण पुस्तकाच्या मुखपृष्ठावर शांताबाई हे नाव राहिलं.

कायदाही हळूहळू इकडे वळतो आहे. 18 जानेवारी 2012 च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आंतरजातीय लग्नातल्या मुलाची जात बापाचीच, हे गृहीत धरलं तरी ते शेवटचं नाही. मूल आईच्या समाजात वाढलं, त्या समाजाची वंचना त्याच्या वाट्याला आली, हे दाखवायची मुभा त्याला आहे. महाराष्ट्रानं 2024 मध्ये ठरवलं, की ठरावीक तारखेनंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव येईल, मग बापाचं. मला या दोन्ही गोष्टींचा मनापासून आनंद आहे. पण फॉर्मवर आईला जागा मिळाली म्हणून टेबलापलीकडच्या माणसाच्या मनात ती मिळाली, असं होत नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणतं मुभा आहे, आणि कार्यालय म्हणतं वडिलांचा कागद आणा. या दोन्हींच्या मधे एका पोरीचं वर्ष जातं.

या सगळ्याचा विचार करताना मला एक गोष्ट पक्की वाटू लागली आहे. वंश आईवरून मोजायचा की बापावरून, हे बहुतेक वेळा ज्याच्या हातात सत्ता असते तो आपल्या सोयीनं ठरवतो. मळेवाल्याला गुलाम हवे होते म्हणून त्यानं आई निवडली. आपल्याकडे घर, शेत आणि नाव पुरुषाकडे ठेवायचं होतं म्हणून बाप निवडला. दोन्ही ठिकाणी बाईला कोणी विचारलं नाही. म्हणून न्याय हवा असेल तर ज्यानं मूल सांभाळलं, ज्याच्या घरचं सुखदुःख आणि ज्याच्या घरचा अपमान मुलानं सोसला, त्याच्याकडून वंश मोजला पाहिजे. आणि तसं करायचं तर ज्या बायकांची नावं आपल्या पूर्वजांनी नोंदलीच नाहीत, त्यांच्या सांगण्याला साक्षीची किंमत द्यावी लागेल. कागद ठेवला नाही ही आपली कसूर आहे, त्यांची नव्हे.

अजून वेळ आहे तोवर आपल्या आजीजवळ बसा. तिच्या आईचं नाव, तिच्याही आईचं नाव, माहेरचं गाव, कुठल्या साली काय झालं, हे तिच्या शब्दांत लिहून घ्या, तारीख घाला, तिची सही किंवा अंगठा घ्या. आणि तुम्ही दाखले देणाऱ्या टेबलामागे बसत असाल, तर एकटी आई फाईल घेऊन समोर उभी राहील तेव्हा बापाच्या कागदाआधी तिची फाईल शेवटपर्यंत वाचा. तेवढा अधिकार 2012 पासून तुमच्या हातात आहे.