कॅमेऱ्यामागची सतार

चित्रपटाचा कॅमेरा हाती येण्याच्या कितीतरी आधीच सत्यजित राय यांचे भावी छायालेखक सुब्रत मित्र प्रकाशाच्या वह्या भरत होते. १९५० च्या सुमारास फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार बंगालमध्ये ‘द रिव्हर’ चित्रित करत होते. कॅमेऱ्याचा सहायक म्हणून कुठेच डाळ न शिजलेला, नाइलाजाने विज्ञान शिकणारा हा मुलगा वडिलांच्या खटपटीने सेटवर शिरला आणि टिपणं काढू लागला. दिवा कुठे ठेवला, नट कुठून कुठे चालला, कॅमेरा कधी सरकला, सगळं आकृत्यांसह. पुढे पुढे छायालेखक क्लोद रेन्वारच प्रकाशयोजना जुळवायला त्याची वही मागू लागले.

याच चित्रपटात मित्रांची सतारही वाजली.

हा तपशील सहसा जाता जाता सांगितला जातो. खरं तर मित्रांची गोष्ट तिथूनच सांगायला हवी. सतार घेऊन बसणाऱ्याचा कान एका चुकार स्वरानेही अस्वस्थ होतो. मित्रांचा डोळा खोट्या सावलीने तसाच अस्वस्थ व्हायचा. विद्यार्थिदशेत सायकलवरून जाऊन पाहिलेल्या चित्रपटांपैकी डेव्हिड लीनचा ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ आणि कॅरल रीडचा ‘द थर्ड मॅन’ त्यांच्या मनात घर करून राहिले. ‘द थर्ड मॅन’चं सगळं पार्श्वसंगीत एकट्या झिदरवर, म्हणजे तारा छेडून वाजवायच्या वाद्यावर, पेललेलं आहे. सतारीच्या विद्यार्थ्याने तो चित्रपट कसा ऐकला असेल, याचा विचार केल्याशिवाय राहवत नाही.

‘द रिव्हर’च्याच निमित्ताने सत्यजित राय भेटले. राय तेव्हा जाहिरात कंपनीत नोकरीला, त्यामुळे सवड रविवारची. ‘पथेर पांचाली’ करायचं ठरलं तेव्हा कॅमेरा त्यांनी जेमतेम बाविशीच्या मित्रांच्या हाती दिला. पावसात, आमराईत, तिन्हीसांजेच्या उजेडात चित्रीकरण होऊच शकत नाही, असं धंद्यातले जाणकार सांगत होते. म्हणून दोघं उसना १६ मिलिमीटरचा कॅमेरा घेऊन गोपालनगरला गेले आणि नेमक्या त्याच उजेडात चित्रण करून आले. ते उत्तम उतरलं होतं. ऑक्टोबर १९५२ मध्ये काशाच्या फुलांत काम सुरू झालं. पुढच्या खेपेला जाऊन पाहतात तर गुरांनी सगळी फुलं खाऊन टाकलेली! पैसे संपत, काम थांबे, पुन्हा सुरू होई. चित्रपट पूर्ण व्हायला १९५५ उजाडलं.

‘पथेर पांचाली’ला संगीत देणाऱ्या रविशंकरांना वेळ नव्हता. त्यांनी जवळजवळ सगळं संगीत एका रात्रीच्या बैठकीत ध्वनिमुद्रित केलं आणि ते निघून गेले. उरलेल्या जागा भरायला सतार घेऊन बसले ते कॅमेरामन. चित्रपटातल्या संगीताची ताकद कळायला घरातली मुलगी दुर्गा गेल्यानंतरचा प्रसंग आठवावा. तिचा बाप हरिहर परततो, आणलेल्या वस्तू एकेक काढून दाखवतो, आणि दुर्गेसाठीची साडी हाती येताच आई सर्वजया कोसळते. तिचा आक्रोश आपल्याला ऐकूच येत नाही. त्याच्या जागी तारशहनाईवर पटदीपचे वरचे स्वर येतात. नाट्यसंगीतावर वाढलेल्या मराठी कानाला पटदीप ओळखीचा, तरी इथे तो काळजात घुसतो.

मित्रांचं सर्वांत मोठं काम पुढच्याच वर्षीचं. ‘पथेर पांचाली’चा पुढचा भाग असलेल्या ‘अपराजितो’साठी बनारसच्या घराचं अंगण कला दिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त स्टुडिओत उभारणार होते. मित्रांचा त्याला कडाडून विरोध. तिथल्या अरुंद अंगणात ऊन थेट उतरत नाही. वरच्या आभाळाच्या तुकड्यातून झिरपतो तो बिनसावलीचा उजेड. स्टुडिओतल्या दिव्यांनी तो आणायचा कसा? अखेर त्यांनी अंगणावर पांढरं कापड ताणलं आणि खालून दिवे त्यावर रोखले. कापडावरून परतलेला उजेड खाली पसरला, आणि पाहणाऱ्याला सेटची शंकाही येईना. स्वीडिश छायालेखक स्वेन निक्विस्ट यांनी बर्गमनच्या चित्रपटांत असा मऊ प्रकाश जगभर गाजवला तो नंतर.

रायांचा ‘जलसाघर’ तर सतारियाच्या कॅमेऱ्यासाठीच बेतलेला वाटावा असा. संगीत विलायत खाँ यांचं, मैफलीत बेगम अख्तर. काळोखात झुलणारं झुंबर मित्र असं टिपतात, की गाणं सुरू होण्याआधीच लय लागते. ‘चारुलता’त (१९६४) माधवी मुखर्जी झोक्यावर बसून रवींद्रनाथांचं गाणं गुणगुणते. त्या गाण्याची चाल मूळ स्कॉटिश लोकगीताची. कॅमेरा झोक्याबरोबरच हलतो: चेहरा चौकटीत स्थिर, आणि मागची बाग पुढे-मागे डोलते. चालीचं वजन त्या डोलण्यात पुरेपूर उतरलं आहे.

‘नायक’नंतर (१९६६) राय आणि मित्र पुन्हा एकत्र आले नाहीत. मर्चंट-आयव्हरी या निर्माता-दिग्दर्शक जोडीसाठी मित्रांनी त्याआधी ‘शेक्सपियरवाला’, पुढे ‘बॉम्बे टॉकी’ असे चित्रपट केले, ‘न्यू दिल्ली टाइम्स’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला, पण तडजोड न करणाऱ्याला काम थोडंच मिळालं. अखेरच्या वर्षांत ते कलकत्त्याच्या सत्यजित राय चित्रपट संस्थेत शिकवत. २००१ मध्ये गेले.

‘पथेर पांचाली’ आणि ‘अपराजितो’ ज्या अपू चित्रत्रयीतले, तिच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधल्या एका आगीत होरपळल्या. त्यांतून जे वाचलं ते मोठ्या कष्टाने सावरून २०१५ मध्ये तिन्ही चित्रपट पुन्हा झळझळीत झाले. ‘पथेर पांचाली’ची ही प्रत लावून पाहावी, आणि आवाज जरा मोठाच ठेवावा: त्यातली सगळीच सतार रविशंकरांची नाही.