हाजरात

आमच्या उमरीकडं 'हजर' या अरबी शब्दाचं गोत मोठं आहे. सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाचा, कचेरीचा कारभार उर्दूत. राज्य गेलं, शब्द राहिले. कोर्टाच्या दारात शिपाई ओरडायचा ते 'हाजिर हो'. शाळेत मास्तर घ्यायचे ती हजेरी. दर्ग्यात एखादी बाई केस मोकळे सोडून घुमायला लागली, की बाया म्हणायच्या, "तिला हाजरी आली." आणि याच गोतातली हाजरात. डोळ्यांना न दिसणाऱ्याला मंत्रानं बोलावून समोर आणायचं, ती हाजरात. हा शब्द मला अंगठ्याच्या नखावर शिकायला मिळाला.

बाहत्तरच्या दुष्काळाचं साल. मी तिसरीत होतो. आमच्या मायची सोन्याची बोरमाळ हरवली. घर उलटंपालटं केलं, सापडली नाही. पोलिसांत जावं तर पाटलाघरची अब्रू जाती. मग कुणीतरी शेजारच्या गावचा एक जाणता आणला. त्याच्याकडं सगळ्या जातीधर्माची माणसं जायची. त्याला लहान, न कळतं लेकरू पाहिजे होतं. घरात मीच होतो.

संध्याकाळी कंदिलापुढं मला बसवलं. काजळ तेलात कालवून माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखावर लावलं. नख आरशासारखं चमकायला लागलं. जाणता पुटपुटत होता. मधेच विचारायचा,

"झाडूवाला आला का लेकरा?"

मला नखात कंदिलाची वात दिसत होती, आणि माझंच नाक.

"नीट बघ. झाडायलाय ना?"

सगळं घर माझ्याकडं बघत होतं. मी म्हणलं, "हो."

मग भिस्ती आला, त्यानं पाणी शिंपडलं. सतरंजी आली, तख्त आलं. तख्तावर राजा येऊन बसला. एकदा 'हो' म्हणल्यावर पुढचे 'हो' आपोआप निघत गेले. निजामाचा दरबार कसा भरत असंल ते आम्ही पोरं म्हाताऱ्यांकडून ऐकून होतो. खरं सांगतो, शेवटी शेवटी मला थोडं थोडं दिसायलाही लागलं.

"आता राजाला इचार, माळ कोणी नेली? बाई का माणूस?"

समोर माय, काकी, आज्जी उभ्या. मी म्हणलं, "बाई."

"लुगडं कोणतं?"

त्या दिवशी सकाळीच सारवायला येणारी मावशी हिरवं लुगडं नेसून आली होती. तेवढाच रंग डोळ्यांत होता. "हिरवं."

कुणी काहीच बोललं नाही. जाणत्यानं राजाला रजा दिली, नख पुसलं, सव्वा रुपया आणि नारळ घेतला.

दुसऱ्या दिवसापासून मावशीचं सारवण बंद झालं. आमच्या घरचंच नाही, सगळ्या गल्लीचं. तिला कुणी चोर म्हणलं नाही, फक्त बोलावणं थांबलं. एकदा ती आमच्या ओट्यापाशी येऊन मायला म्हणाली, "पाटलीनबाई, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगते." माय आत निघून गेली. मी दाराआडून बघत होतो.

मावशीची पोर माझ्याच वर्गात होती. मास्तर तिचं नाव घ्यायचे, मग स्वतःच म्हणायचे, "गैरहजर." महिनाभर असंच चाललं. मग कळलं, मायलेकी रेल्वेनं निजामाबादकडं गेल्या, विड्या वळायला. हजेरीपटावर मास्तरांनी तिच्या नावावर लाल रेघ मारली.

दिवाळीला उतरंड धुवायला काढली. तळच्या मडक्यात जुन्या चिंधीत बोरमाळ निघाली. चोराच्या भ्यानं आज्जीनंच ठेवली होती आणि विसरून गेली होती. माय मटकन खाली बसली. आबा म्हणाले, "आता बोभाटा नका करू." निजामाबाद काही लांब नाही. पण मावशीला शोधायला कुणी गेलं नाही.

घरी गौरी यायच्या तेव्हा आवाहन व्हायचं, तिसऱ्या दिवशी विसर्जन. बोलावलेल्याला मानानं परत पाठवायची रीत आपल्याकडं आहे. जाणत्यानं तर न दिसणाऱ्या राजालाही रजा दिली होती. मावशीला मात्र आम्ही चोर म्हणून बोलावलं आणि तसंच ठेवलं.

पुढं मी मास्तर झालो. डिसेंबर 2013 मध्ये विधिमंडळानं जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला, तेव्हा त्याची अनुसूची मी शाळेत पोरांना वाचून दाखवली. मंत्रानं भूत बोलावण्याची धमकी देऊन लोकांना भेवडावणं हाही त्यात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा. एका पोरानं विचारलं, "सर, भूत खरंच येतं का?"

मी त्याला काजळ लावलेल्या नखाची गोष्ट सांगितली. माळ सापडली तेही सांगितलं. ते लेकरू मीच होतो, एवढं मात्र तेव्हा तोंडातून निघालं नाही. ते आज लिहितोय.