तयार करा, मोडून टाका

गेल्या शनिवारी बाबांना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो होतो. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटल्यात, त्यासाठी हे तिसरं इंजेक्शन. परत येताना रिक्षात बाबा म्हणाले, "अरे, रक्तवाहिन्या वाढल्या तर चांगलंच की! आणि एकदा टोचून का भागत नाही?" मला उत्तर देता येईना. मग काय, रविवार त्यातच गेला.

गंमत बघा. आपल्या पेशी एचआयएफ-१ अल्फा नावाचं प्रथिन सतत तयार करतात आणि काही मिनिटांत मोडूनही टाकतात. एक एन्झाइम ऑक्सिजन वापरून त्यावर खूण करतं, व्हीएचएल नावाचं प्रथिन ती खूण ओळखतं, की माल थेट भंगारात! असा कोड कुणी मला रिव्ह्यूला पाठवला असता तर मी तो तसाच परत केला असता.

पण ऑक्सिजन कमी पडला की खूणच होत नाही. प्रथिन साठतं, केंद्रकात शिरतं, एचआयएफ-१ बीटाशी जोडी जमवतं आणि डीएनएवर ठरलेल्या जागी बसून व्हीईजीएफचं जनुक चालू करतं. व्हीईजीएफ म्हणजे रक्तवाहिन्या वाढवणारा ग्रोथ फॅक्टर. आणीबाणीत नवीन काही बनवत बसायला नको, फक्त मोडणं थांबवायचं. पेशी ऑक्सिजन कसा ओळखतात हे शोधणाऱ्या सेमेंझा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

बाबांच्या डोळ्यात झालं ते असं. साखरेमुळे बारीक वाहिन्या बंद पडल्या, पडदा गुदमरला, त्याने मदत मागवली. मदत आली, पण नव्या वाहिन्या नाजूक आणि गळक्या. इंजेक्शन तयार झालेलं व्हीईजीएफ अडवतं, जनुकाला हात लावत नाही. औषध ओसरलं की पुन्हा तेच. म्हणजे हा नुसता पॅच, मूळ बग साखरेतच.

संध्याकाळी बाबांना हे सगळं सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे डोळा बिचारा माझ्यासाठीच धडपडतोय. उद्यापासून चहा बिनसाखरेचा."

"हे मी अकरा वर्षं ऐकतेय," आई आतून म्हणाली.

मी हसलो खरा, पण त्यांची शुगर शेवटची कधी तपासली होती, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? असो. चौथं इंजेक्शन पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी रक्त तपासायला मीच घेऊन जाणार आहे.