धनिकांची चाकरी

भोर घाटांतून १८६३ सालीं आगगाडी धांवूं लागली आणि मुंबईच्या धनिकांस लोणावळें-खंडाळ्याची हवा सुलभ झाली. २००२ सालीं द्रुतगति महामार्ग पुरा झाला. पुढें मावळांतील कित्येक भातखाचरांचे मालक जमीन विकून एका दिवसांत धनिक झाले. या दोन्ही घरीं हल्लीं बँकेच्या खास खात्याचा अधिकारी येऊन बसतो. जुन्या पेढीवरील मुनिमाचाच हा नवा अवतार होय.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ ही चाकरी ३० वर्षें करून आतां लोणावळ्यास राहतात. ते म्हणतात, मोठ्या घरीं आरंभीं कांहीं विकूं नये, ऐकावें. मृत्युपत्र झालें आहे काय, भावांभावांत मन साफ आहे काय, कर्त्या पुरुषामागें हिशेब कोणास ठाऊक आहेत, हें कळल्यावांचून सल्ला देतां येत नाहीं. घरची गोष्ट बाहेर न नेणें हें या धंद्याचें पहिलें व्रत.

दुसरें व्रत अधिक कठीण. अधिकाऱ्यास पगार बँक देते, आणि बँकेस विमा व फंड खपविल्याबद्दल दलाली मिळते. सेबीनें २०१३ पासून दलालीवांचून थेट फंड घेण्याची सोय केली. २०२० सालीं एकाच ग्राहकाकडून सल्ल्याची फी व विक्रीची दलाली अशी दोन्ही घेण्यास बंदी केली. तथापि मुंबईकर शेठजींपाशीं हिशेबनीस व वकील असतात; मावळांतील शेतकऱ्यापाशीं नुकताच आलेला चेक असतो.

अशाच एका घरीं या गृहस्थांनीं प्रथम विचारलें, “बहिणींचा हिस्सा दिलांत काय?” वडिलोपार्जित मिळकतींत २००५ च्या कायद्यानें मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. ओसरीवर कोणी बोलेना. उरलेली रक्कम दोन-चार बँकांत वांटून ठेवा, एका बँकेंत ठेवीदारास विम्याचें संरक्षण ५ लाखांपर्यंतच असतें, असेंहि त्यांनीं सांगितलें. त्या व्यवहारांत त्यांच्या बँकेस फारसें मिळालें नाहीं, आणि वरिष्ठांचे बोल त्यांस ऐकावे लागले.

आमच्या वाचकांपैकीं कांहींच्या घरीं असा अधिकारी येत असेल. त्यास चहा द्यावा आणि “यांत आपणांस काय मिळतें?” असें सरळ विचारावें. जो न अडखळतां उत्तर देईल, त्याच्यापुढें चोपडी उघडण्यास हरकत नाहीं. कांहींचा मुलगाच त्या नोकरींत असेल. तसें उत्तर देण्याचें बळ त्यास घरानें द्यावें. बढती वर्षभर लांबली, तरी त्यास घरांत कोणी बोल लावूं नये, असें आम्हांस वाटतें.